ठकीची पाव गोळी

ठकी ही काही लाडाकोडाची मांजर नव्हती. उगाच खोटं कशाला बोलायचं? उंदीर मारायचे, भात खायचा आणि पोत्यांवर लोळायचं, एवढाच तिचा आणि चंद्राबाईचा संबंध. चुलीत सुकी वाकटी मासळी भाजायला घेतली की ती पायात पायात करायची, आणि चंद्राबाई "मर मेली" म्हणून केरसुणी फेकून मारायची. लागली नाही म्हणजे दोघी खूश. नावसुद्धा कुणी हौसेनं ठेवलेलं नव्हतं. एकदा तिनं कालवणातला बोंबील पळवला तेव्हा चंद्राबाई ओरडली, "ठकवलास ना गो मला!" आणि ओटीवर बसलेल्या काळूनं, तिच्या नवऱ्यानं, तेवढंच धरून ठेवलं.

आता मांजरालाही मिरगी येते, हे किन्हवलीच्या पलीकडच्या त्या वाडीत कुणाला ठाऊक असणार? दोन हजार तीनची गोष्ट. दिवाळी होऊन गेलेली, खळ्यावर भाताची झोडणी चाललेली. चंद्राबाई सूप घ्यायला घरात आली, तर पोत्यावर झोपलेली ठकी धप्पकन खाली पडली. आडवी पडून चारी पाय सायकल चालवल्यागत हलवायला लागली. तोंडाला फेस, डोळे फिरलेले, आणि जमिनीवर मुताचं थारोळं.

शेजारची अंबूबाई मागोमाग आलीच. या बाईला दुसऱ्याच्या घरात काही झालं की भिंतीपलीकडून वास येतो. तिनं पाहिलं आणि पायातली चप्पल काढली. "हुंगव, हुंगव तिला! नायतर कांदा फोड!"

"खबरदार चप्पल लावलीस तर," चंद्राबाई म्हणाली. असा आवाज तिनं अकरा वर्षांत काढला नव्हता. तिनं शेजारचा पाटा सरकवला, ठकीच्या डोक्याखाली लुगड्याची घडी सारली आणि हात न लावता शेजारी बसून राहिली. कुणी शिकवावं लागलं नाही. तिला सगळं येत होतं.

कसं येत होतं, ते सांगतो. काळू आणि चंद्राबाईला एक मुलगी होती. बुद्धपौर्णिमेला जन्मली म्हणून काळूनं नाव ठेवलं पौर्णिमा. बाराव्या वर्षी तिला फिट यायला लागल्या. लोकांना तेवढंच पुरलं. मिरगी अमावस्या-पौर्णिमेला जोर करते, नावच तसं ठेवलंत, आता भोगा! भगताकडं न्या, अंगारा लावा, असं सांगणारे ओटीवर रांगेनं बसायचे. काळू तेव्हा कसाऱ्याला रेल्वेत गँगमन होता. तो सगळ्यांना एकच सांगायचा, "आमच्यात भगत नाय नि अंगारा नाय. बाबासाहेबांनी आमाला त्यातून काढलाय. आमचा डॉक्टर."

कल्याणच्या एका डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि बजावलं, मी सांगेपर्यंत एकही चुकवायची नाही. दोन वर्षं फिट आली नाही. पोरगी शिकली, वयात आली, आणि मुरबाडकडचं एक चांगलं स्थळ चालून आलं. पाहुणे येणार, राहणार, फळीवरची गोळ्यांची बाटली बघणार. गोळ्या खाणारी सून कोण करून घेईल? चंद्राबाईनं आपली अक्कल चालवली. काळू कामावर असताना ती एकटीच कल्याणला जाते म्हणून निघाली, कल्याणला गेलीच नाही, आणि संध्याकाळी येऊन म्हणाली, "डॉक्टर बोलला, आता बरी झाली. गोळ्या बंद करा."

आठव्या दिवशी पौर्णिमा नदीवर धुणं धुवायला गेली, ती पालथी पडली. त्याला आता अकरा वर्षं झाली. पाणी गुडघाभर होतं. गुडघाभर पाण्यात पोहता येणारी पोर बुडाली.

काळूनं बायकोला एका शब्दानंही विचारलं नाही. तेव्हा नाही आणि नंतरही नाही. विचारलं असतं, चार शिव्या दिल्या असत्या, हात उगारला असता, तर त्या बाईचं भलं झालं असतं. पण तो कामावर जात राहिला, येत राहिला, रिटायर झाला. रुळांवर तीस वर्षं गाड्यांचा धडधडाट ऐकून त्याचे कान गेले, आणि घरात बोलणंच कमी झालं. पूर्वी ती त्याला "पौर्णिमाचे बाबा" म्हणायची. नंतर नुसतं "अवो".

ठकी दोन मिनिटांनी उठली. भिंतीला धडकली, चंद्राबाईकडं अनोळखी नजरेनं पाहिलं, आणि मग वाडगाभर भात अधाशासारखा खाल्ला. पौर्णिमाही अशीच फिटनंतर भात मागायची. चंद्राबाईनं वाडग्यात आणखी भात वाढला. त्या महिन्यात ठकीला अजून तीन फिट आल्या. तिसरीनंतर चंद्राबाईनं मनाशी गाठ मारली: हिला मरू द्यायचं नाही. आणि या खेपेला आपली अक्कल अजिबात चालवायची नाही. डॉक्टर बोलेल तो शब्द, बस्स.

मुरबाडला एक खाजगी डॉक्टर होता. मुंबईवाल्यांची फार्महाऊस झाली होती आसपास, त्यांच्या कुत्र्यांना तो सुया टोचायचा. कोंबड्यांच्या टोपलीत ठकीला घातलं, वरून मच्छरदाणीचा तुकडा बांधला आणि नवरा-बायको एसटीत चढली. कंडक्टर म्हणाला, "हिचं हाफ तिकीट काढू का सासरी निघालीय?" गाडी हसली. काळूला ऐकू आलं नाही म्हणून तोही हसला.

डॉक्टर तरुण होता, देशावरचा, साताऱ्याकडचा. त्याची बोली यांच्यापेक्षा वेगळी, पण माणूस सरळ. त्यानं ठकीचे डोळे पाहिले, दात पाहिले, उंदराचं औषध खाल्लं होतं का, डोक्याला मार लागला होता का, सगळं विचारलं.

"बहुतेक मिरगी असावी," तो म्हणाला. "खात्रीनं नाही सांगता येणार. डोक्याच्या आत काय आहे ते बघायची सोय माझ्याकडं नाही. गोळी देऊन बघू. माणसांचीच गोळी आहे, पण पाव द्यायची. सकाळी पाव, संध्याकाळी पाव. आणि मावशी, मी सांगेपर्यंत बंद करायची नाही."

चंद्राबाईच्या अंगावर काटा आला. तेच शब्द होते.

"पाव?" काळूनं कानाशी हात नेला. "पावात घालून द्यायची?"

"चौथा हिस्सा, बाबा!" डॉक्टर हसला. परतीच्या वाटेवर चंद्राबाईसुद्धा हसली. तेवढीच हसली.

मग सुरू झाला गोळीचा संसार. चंद्राबाई पाटावर गोळी ठेवायची, त्यावर नवं ब्लेड धरायची आणि श्वास रोखून दाबायची. चार सारखे तुकडे पडले तर दिवस चांगला. कधी भुगा व्हायचा, मग तो बोटाच्या टोकानं वेचून चार भाग करायचे. तुकडे काजळाच्या जुन्या डबीत. सकाळी सात, संध्याकाळी सात. ठेचलेल्या सुकटीत गोळी लपवून द्यायची, तर ही ठकी खरंच ठकी. सुकट चाटून खायची आणि गोळी थुंकून टाकायची. शेवटी चंद्राबाई तिला गोणपाटात गुंडाळून मांडीत धरायला लागली. जबडा उघडायचा, गोळी जिभेच्या मुळाशी सोडायची, गळा चोळायचा. हातांवर कोपरापर्यंत ओरखडे. अंबूबाई कुंपणावरून बघायची. "जावयाचीपन कोनी एवढी सरबराई करीत नाय गो!"

"जावई होऊच कुठं दिला मी?" चंद्राबाई म्हणाली. अंबूबाई कुंपण सोडून घरात गेली.

पहिले पंधरा दिवस ठकी दारू प्यायल्यागत चालायची. मागचे पाय एकीकडं, पुढचे दुसरीकडं. डॉक्टरनं सांगितलंच होतं, असं होईल, घाबरू नका. मग हळूहळू ती सावरली. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. फिट नाही. ठकी पुन्हा उंदीर मारायला लागली, पुन्हा पायात पायात करायला लागली. पण आता केरसुणी फेकली जात नव्हती. संध्याकाळी गोळी झाली की ती रुसून दारापर्यंत जायची, आणि परत येऊन चंद्राबाईच्या मांडीवरच बसायची. चंद्राबाईला वाटायला लागलं, आपल्यालाही एक गोष्ट धड करता येते. हे वाटणंच वाईट. देव नसला तरी कुणीतरी ऐकत असतं.

फेब्रुवारीत गोळ्या संपत आल्या. मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय द्यायचा नाही. चंद्राबाईचा गुडघा सुजून भोपळा झालेला, एसटीची पायरी चढवेना. काळू म्हणाला, "मी जातो. गोळ्या आणायला काय बायकोच लागते?"

तो दुपारी परत आला. गोळ्यांची पाकिटं तिच्या पुढ्यात ठेवली आणि वाटभर घोकत आणलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं: "डॉक्टर बोलला, फिट असली तर गोळी द्यायची."

"म्हंजे?"

"म्हंजे काय म्हंजे! फिट असली तर द्यायची. नसली तर कशाला द्यायची?"

"असाच बोलला?"

"तो गाडीला किक मारीत होता. घाईत होता. मी सांगितला, दोन महिने काय नाय, बरी हाय. तर खूश झाला. चिठ्ठी दिली नि बोलला, फिट असली तर गोळी द्यायची, बरं का. मी कानानं ऐकला."

कानानं! चंद्राबाईनं पाकिटं मोजली नाहीत, नुसता हात फिरवला. "मग एवढ्या गोळ्या कशाला दिल्या?"

"पुढंमागं आली फिट तर लागतील ना."

पटण्यासारखंच होतं. फिट 'आली तर' न म्हणता 'असली तर' का म्हणाला, हे दोघांनाही खटकलं नाही. देशावरचा माणूस, त्यांच्यात तसं बोलत असतील. आणि खरं सांगायचं तर त्या घरात 'फिट' या शब्दाला वीस वर्षांत एकच अर्थ उरला होता. काळूला रेल्वेत दर आजारपणानंतर फिटचं सर्टिफिकेट मिळायचं, ते दाखवल्याशिवाय कामावर घ्यायचे नाहीत. तो शब्द त्यानं तीस वर्षं खिशात बाळगला होता. पण कसाऱ्याची फिट वेगळी नि घरातली फिट वेगळी.

संध्याकाळी सात वाजता चंद्राबाई पाट, ब्लेड, डबी घेऊन बसली. ठकी सवयीनं पोत्यामागं लपली. चंद्राबाईचं मन म्हणत होतं, दे. एकदम बंद नको करू. तुला माहीत आहे काय होतं. हात ब्लेडकडं गेलासुद्धा. आणि मग तिनं स्वतःलाच झापलं. तेव्हाही मनाचंच ऐकलंस ना, भवाने? डॉक्टरपेक्षा शहाणी झालीस, नि काय झालं? तो म्हणाला होता, मी सांगेपर्यंत बंद नाही. आता त्यानंच सांगितलं. आता तरी गप ऐक. तिनं डबीचं झाकण लावलं आणि डबी फळीवर ठेवली. त्याच फळीवर, जिथं पूर्वी बाटली असायची. ठकी पोत्यामागून बाहेर आली, आज कुणी धरत नाही म्हणून इकडंतिकडं पाहिलं आणि मांडीवर येऊन बसली.

एक दिवस गेला, दोन गेले. चंद्राबाई ठकीच्या मागे मागे फिरत होती. काळू म्हणाला, "बघ, काय नाय. बरी झाली ती." चंद्राबाई म्हणाली, "असा बोलू नका. असा अजिबात बोलू नका."

चौथ्या दिवशी सकाळी चूल पेटत होती तेव्हा आली. पहिली सरते न सरते तोच दुसरी. दुसरीनंतर ठकी उठलीच नाही, तिसरी सुरू झाली. चंद्राबाईनं पाव गोळी जिभेवर ठेवली, ती फेसाबरोबर बाहेर आली. अर्धी ठेवली, तीही बाहेर. चंद्राबाईच्या हाताला ठकीचे दात लागले, पण गोळी आत जाईना. काळू अनवाणी धावत रस्त्यावर गेला आणि सरळगावकडं जाणारी जीप आडवा होऊन थांबवली. मुरबाडपर्यंत टोपलीत सायकल चालूच होती. जीपमधलं कुणी या खेपेला हसलं नाही.

दवाखान्याच्या दारातूनच काळू मागं फिरला. तो बाहेर कडुनिंबाखालच्या ओट्यावर बसला. "तू जा आत," तो म्हणाला. "माझ्यानं नाय बघवायचा."

डॉक्टरनं दोन इंजेक्शनं दिली. दुसऱ्यानंतर पाय थांबले. चंद्राबाईला वाटलं, झोपली. डॉक्टरनं छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि नळी काढली.

"गोळी चुकली का, मावशी?"

"चुकली नाय. बंद केली. तुमीच सांगितला ना."

"मी? मी कशाला बंद करायला सांगेन? ही एकदम बंद केली की अशाच एकामागून एक येतात."

"ह्यांना बोलले ना तुमी. फिट असली तर गोळी द्यायची. नायतर नाय."

डॉक्टरनं हातातली नळी खाली ठेवली. मग टेबलाला टेकला. "असली तरी, मावशी," तो अगदी हळू म्हणाला. "तरी. मांजर फिट असली तरी द्यायची. फिट म्हणजे बरी, ठणठणीत. बरी दिसली म्हणून बंद करू नका, एवढंच सांगायचं होतं मला. गाडीच्या आवाजात..." त्यानं वाक्य अर्धंच सोडलं. "चूक माझीच. लिहून द्यायला हवं होतं."

चंद्राबाईनं 'तर' म्हणून पाहिलं, मग 'तरी' म्हणून पाहिलं. ओठांची हालचालही फारशी बदलत नव्हती. एवढ्याशा अक्षरासाठी तिनं या खेपेला आपली अक्कल बांधून ठेवली होती. अक्कल चालवली तेव्हा एक मेली. नाही चालवली तर ही मेली. आता तिसरा कुठला रस्ता असतो माणसाला?

"बाहेर बसलेत त्यांना सांगू का मी?" डॉक्टरनं विचारलं.

"नको," ती म्हणाली. "तुमी नको. मी सांगते."

ठकीला लुगड्याच्या तुकड्यावर टोपलीत ठेवून, वर मच्छरदाणी टाकून ती बाहेर आली. काळू उठला नाही. त्यानं टोपली मांडीवर घेतली, मच्छरदाणी बाजूला केली आणि बोटानं ठकीच्या तोंडाचा फेस पुसला. मेलेल्या जिवाचा फेस पुसून काय होणार? पण तो पुसत राहिला.

"काय बोलला?" त्यानं विचारलं.

चंद्राबाई त्याच्या कानाकडं बघत होती. त्या कानात पांढरे केस आले होते. एक शब्द बोलला की झालं. तुमी ऐकलात ते चुकीचा ऐकलात. मग अकरा वर्षांचं ओझं दोघांत निम्मं निम्मं झालं असतं. तिच्या मनात ते आलंच नाही असं मी म्हणणार नाही. आलं. क्षणभर गोडसुद्धा लागलं. मग तिला त्याची बोटं दिसली.

"डॉक्टर बोलला," ती त्याच्या कानाशी मोठ्यानं म्हणाली, "तिच्या डोक्यात गाठ होती. गोळी दिली असती तरी वाचली नसती. आपली काय चूक नाय."

"असा बोलला?"

"असाच बोलला."

काळूनं मच्छरदाणी परत सारखी केली, चारी टोकं नीट खोचली. मग टोपलीकडंच बघत, अगदी साध्या आवाजात म्हणाला, "आनि तवा? पौर्णिमाच्या टायमाला? तवापन डॉक्टर बोलला होता ना गो, गोळ्या बंद करा म्हणून?"

अकरा वर्षं ज्या प्रश्नाची ती वाट बघत होती तो असा आला, मुरबाडच्या भर दुपारी, कडुनिंबाखाली. आवाजात राग नव्हता. विचारत होता की सांगत होता, तेही कळेना.

"नाय," चंद्राबाई म्हणाली. पण इतक्या हळू, की तिचं तिलाच ऐकू आलं नाही.

काळूनं कानाशी हात नेला. "मोठ्यानं बोल गो. मला ऐकू येत नाय."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. आता 'नाय' म्हटलं तर तेव्हाचा डॉक्टर खोटा ठरणार, आणि तेव्हाचा खोटा ठरला की आजचाही. मग याच्या मांडीवर नुसती टोपली उरणार नाही, याच्या ऐकण्यातली चूकही येऊन पडणार. अकरा वर्षांत तिला एकदाच कबूल करायची संधी आली होती, आणि तीही अशी की कबूल केलं तर हा मेला असता.

"हो!" ती ओरडली. रस्त्यावरची दोन माणसं वळून बघायला लागली. "असाच बोलला होता! डॉक्टरच बोलला होता!"

काळूनं मान डोलावली. बराच वेळ डोलावत राहिला.

"मग ठीक हाय," तो म्हणाला. "मग आपली कोनाचीच काय चूक नाय." आणि टोपली छातीशी धरून तो एसटी स्टँडकडं चालायला लागला.